विटा, पायऱ्या आणि एक घर : पर्ड्यूचं ब्लॅक कल्चरल सेंटर

वॉबॅशकाठ

मंडळी, गेल्या रविवारी आमच्याकडे गणपतीचं जेवण होतं. यंदा पर्ड्यू विद्यापीठात नव्याने आलेली सात-आठ मुलं आली होती. जेवणं झाल्यावर एकाने विचारलं, "ताई, कॅम्पसवर ते ब्लॅक कल्चरल सेंटर आहे ना, त्यांना वेगळी इमारत कशाला? लायब्ररी, युनियन, जिम, सगळं सगळ्यांना खुलंच आहे की." मुलगा सरळ मनाचा आहे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी भांडी आवरता आवरता दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते उत्तर किती अपुरं होतं हे रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवत राहिलं. म्हणून हा धागा काढते आहे.

मी वेस्ट लाफायेटला ११ वर्षं राहते. गाव इंडियानात, मक्याच्या शेतांच्या मधोमध. मधून वॉबॅश नदी वाहते. अलीकडे विद्यापीठ, पलीकडे जुनं लाफायेट. आपली मुलं त्या पुलावरून सामान आणायला जातात, त्यांना तो फक्त पूल वाटतो. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांना मात्र तो रोज दोनदा ओलांडावा लागायचा, कारण विद्यापीठाच्या वसतिगृहांत त्यांना खोली मिळत नसे. पर्ड्यूचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर, डेव्हिड रॉबर्ट लुईस, १८९४ सालचा. वसतिगृहाचं दार उघडायला त्यानंतर ५० वर्षांहून जास्त काळ गेला. विनिफ्रेड आणि फ्रीडा पार्कर या बहिणींना प्रवेश मिळाला, पण खोली नाकारली गेली. वडिलांनी हे प्रकरण थेट राज्याच्या गव्हर्नरपर्यंत नेलं, तेव्हा कुठे १९४७ च्या जानेवारीत त्या कॅम्पसवर राहायला आल्या. आज दोन वसतिगृहांना त्यांची नावं आहेत. तीही २०२१ मध्ये दिलेली.

आता विटांची गोष्ट. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ मे रोजी, दीडशेच्या आसपास कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीकडे (आताचा हॉव्डे हॉल) चालत निघाले. प्रत्येकाच्या हातात वाणसामानाची असते तशी तपकिरी कागदी पिशवी आणि पिशवीत एक वीट. शहरोशहरी नुकतीच जाळपोळ झालेली, आणि दीडशे मुलं विटा घेऊन येताहेत म्हटल्यावर बघणाऱ्यांच्या पोटात काय कालवलं असेल! मुलं इमारतीपाशी आली, एकेकाने वीट काढून पायऱ्यांवर ठेवली आणि आपल्या मागण्या मांडल्या. कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमा, आमचा इतिहास शिकवा, आम्हाला इथे भेदभाव सोसावा लागतो तो थांबवा. एकही वीट फेकली गेली नाही.

१९६९ मध्ये केंद्र स्थापन झालं ते या मागण्यांमधून. सुरुवातीची कित्येक वर्षं ते एका साध्या घरात होतं. सध्याची इमारत १९९९ ची. आत गेलात की ग्रंथालय आहे, सभागृह आहे, तालमीच्या जागा आहेत. केंद्राची गायकांची, लेखकांची, नर्तकांची आणि नाटकवाल्यांची अशी चार पथकं आहेत. गायकांच्या पथकाचं नाव ब्लॅक व्हॉइसेस ऑफ इन्स्पिरेशन. लेखकांचं हराका रायटर्स. ‘हराका’ म्हणजे स्वाहिलीत घाई, लगबग. मूळ शब्द अरबी, ‘हालचाल’ या अर्थाचा. आपल्याकडे तोच फारसीतून ‘हरकत’ होऊन आला, आणि गवयाच्या गळ्यातली हरकतही त्यातलीच. हे कळलं त्या दिवशी मला ती पाटी एकदम ओळखीची वाटायला लागली.

या केंद्राची एक तालीम मी मागच्या खुर्चीत बसून ऐकली आहे. एकच ओळ चालली होती. संचालिकाबाईंनी वरच्या सुरातल्या मुलींना पाच वेळा थांबवलं. सहाव्या वेळी म्हणाल्या, कागद खाली ठेवा आणि शेजारचीचं ऐका. माझ्यापुढे एक मुलगा होता, बॅगेतून ग्राफ-पेपरची वही डोकावत होती. दिवसभर इंजिनिअरिंगच्या वर्गात बसून आलेला, चेहऱ्यावर थकवा होता. ती ओळ जुळली तेव्हा त्याचे खांदे सैल झालेले मला मागून दिसले. केंद्र कशासाठी, याचं मला मिळालेलं उत्तर ते आहे. दिवसभर ज्या वर्गात त्याच्यासारखा तो एकटाच असतो, तिथे प्रत्येक चुकीला तो आपल्या सगळ्या लोकांचा प्रतिनिधी ठरतो. इथे तो फक्त खालच्या सुरातला एक गळा असतो.

तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

---

कोकणकडा

ताई, लेख आवडला. विटांचा प्रसंग मला माहीत नव्हता. पण माझी एक शंका आहे आणि ती वाद घालायला विचारत नाही. मी २००९ ते २०११ अमेरिकेत शिकलो, दक्षिणेत. मेसमध्ये कृष्णवर्णीय मुलं एका टेबलावर बसायची, आपण दुसऱ्या, गोरे तिसऱ्या. दोन वर्षांत माझा एकही कृष्णवर्णीय मित्र झाला नाही, त्याची मला आजही खंत आहे. अशी केंद्रं ही टेबलं पक्की करत नाहीत का? १९६८ साली गरज होतीच. आज कायद्याने कुठलंही दार बंद नाही, तर सगळ्यांची मिळून एकच मोठी जागा का नको?

---

डरहॅमकर

कोकणकडा, तुम्ही विचारलंत त्यावरच आमच्या शेजारी चॅपल हिलला मोठं रणकंदन झालं होतं.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९८८ मध्ये असं केंद्र सुरू झालं, विद्यार्थी संघाच्या इमारतीत तात्पुरत्या जागेत. सोन्या हेन्स स्टोन नावाच्या प्राध्यापिका या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक होत्या. १९९१ मध्ये त्या अचानक गेल्या. केंद्राला त्यांचं नाव द्या आणि स्वतंत्र इमारत बांधा, अशी मागणी मुलांनी लावून धरली. तेव्हाचे कुलपती पॉल हार्डिन यांचा स्वतंत्र इमारतीला विरोध होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की केंद्र सगळ्यांची चावडी व्हावं, तटबंदी होऊ नये. म्हणजे तुमचाच मुद्दा.

१९९२ मध्ये फुटबॉल संघातले कृष्णवर्णीय खेळाडू आंदोलनात उतरले. दर शनिवारी ज्यांच्या नावाने स्टेडियम दणाणतं, ती मुलं विचारायला लागली की आम्ही मैदानात तुमचे, मग मैदानाबाहेर कुणाचे? बास्केटबॉलच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये सभा झाली, चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली येऊन बोलला. पुढे मोर्चे, ठिय्या, अटका, सगळं झालं. हार्डिन यांनीही नंतर स्वतंत्र इमारतीला संमती दिली. पैसा देणग्यांतून उभा राहिला आणि इमारत उघडली ती २००४ मध्ये. ज्यांनी मागणी केली, त्यांतला एकही जण तिथे विद्यार्थी म्हणून बसू शकला नाही.

मी तिथे आठ-दहा वेळा तरी गेलोय. कलादालन आहे, नाट्यगृह आहे, ग्रंथालय आहे. माझ्या मुलीने पहिल्यांदा हैतीची चित्रं पाहिली ती तिथेच. दारात कुणी मला ‘तू कोण’ म्हणून विचारलं नाही. तटबंदीची भीती होती, तिथे प्रत्यक्षात गावाची चावडी झाली आहे. पण एक लक्षात घ्या, आधी ते त्यांचं घर झालं म्हणून ते आम्हाला पाहुणे म्हणून बोलवू शकले.

---

करवीरकर

‘सगळ्यांची मिळून एकच जागा’ हे वाचल्यावर राहवलं नाही. मी कोल्हापूरचा, बोर्डिंगात राहून शिकलेल्याचा मुलगा.

कोल्हापुरात १८९६ साली राजाराम हॉस्टेल निघालं, सर्व जातींच्या मुलांसाठी. कागदावर कुठेही मनाई नव्हती. पण कारभार एका जातीच्या हाती, स्वयंपाकघर त्यांच्या सोवळ्याचं, आणि थोड्याच वर्षांत तिथे बाकीच्या जातींची मुलं उरली नाहीत. शाहू महाराजांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मग १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग सुरू झालं, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांवरही आरोप झाला की तुम्ही जातीजातींची वेगळी घरं बांधून समाज फोडताय. पण जो मुलगा गावाकडून पहिल्यांदाच शहरात येतो, ताटाला हात लावताना चार डोळे आपल्यावर आहेत हे ज्याला कळतं, त्याचं अभ्यासात लक्ष कसं लागणार? वडील सांगायचे, बोर्डिंगात पहिल्याच रात्री ते पोटभर जेवले, कारण दुसरी भाकरी मागायला भीती वाटली नाही.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं. गुलामगिरीचा इतिहास वेगळा, जातीचा वेगळा. पण ‘सगळ्यांसाठी खुलं’ अशी पाटी लावलेली जागा आधीपासून कुणाची तरी असते, हे कोल्हापूरच्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

---

मिलिंदपरिसर

करवीरकर दादांना दुजोरा. हे नातं आपण आता जोडत नाही आहोत. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढं असून अमेरिकेत गेलेली आपली मुलं त्या केंद्राच्या दारावरून रोज जातात आणि आत काय आहे ते त्यांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

---

कोकणकडा

करवीरकर, राजाराम हॉस्टेलचा मुद्दा पटला. मी ‘वेगळं’ हा शब्द चुकीच्या टोकाकडून धरला होता हे कबूल करतो. तरी ‘कायद्याने दार उघडं आहे’ या माझ्या वाक्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

---

मिसूरीमावशी

त्याचं उत्तर माझ्या राज्यात आहे रे बाळा.

लॉइड गेन्स नावाचा मुलगा. सेंट लुईसचा, हुशार, वकील व्हायचं होतं. १९३६ मध्ये मिसूरी विद्यापीठाने कायद्याच्या वर्गात घ्यायला नकार दिला, कारण वर्ण. तो लढला, सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९३८ मध्ये जिंकला. न्यायालय म्हणालं, एकतर त्याला घ्या, नाहीतर राज्यातच त्याच्यासाठी तशीच सोय करा. राज्याने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी निराळं लॉ स्कूल काढायला घेतलं. आणि मार्च १९३९ मध्ये एका संध्याकाळी, शिकागोत, पोस्टाची तिकिटं घेऊन येतो म्हणून गेन्स बाहेर पडला तो परत आलाच नाही. २८ वर्षांचा होता. काय झालं ते आजतागायत कुणाला कळलं नाही.

विद्यापीठाने त्याला मानद कायद्याची पदवी दिली २००६ मध्ये. मिसूरी विद्यापीठाच्या कोलंबिया गावातल्या कॅम्पसवर जे ब्लॅक कल्चर सेंटर आहे त्याला गेन्सचं आणि मॅरियन ओ’फॅलन ओल्डहॅम यांचं नाव आहे. या बाई विद्यापीठाच्या नियामक मंडळावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. नवीन विद्यार्थी आला की त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं की हे नाव कुणाचं. कायदा त्याच्या बाजूने लागला होता आणि तरी तो एक दिवससुद्धा वर्गात बसला नाही. दार उघडणं आणि आत जाऊन टेकायला जागा असणं यात अंतर असतं. माझे यजमान तिथे २० वर्षं शिकवायचे, त्यांच्या वर्गातली मुलं परीक्षेच्या आठवड्यात त्या केंद्रात अभ्यासाला बसायची. मी दोनदा डबा भरून ढोकळा नेऊन दिला आहे.

---

रेवती_म

मी इथेच जन्मले, मराठी वाचता येतं पण लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. मी मिडवेस्टमधल्याच एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे, नाव सांगत नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. माझी रूममेट केनियाहून आली. ती पहिले दोन महिने आमच्या कॅम्पसवरच्या केंद्रात गेलीच नाही. म्हणायची, ते अमेरिकन ब्लॅक मुलांचं आहे, मला नैरोबीत कुणी ब्लॅक म्हणालं नव्हतं, तिथे मी किकुयू जमातीची होते. मग थंडी पडली, तिचे केस तुटायला लागले आणि गावात तिचे केस हाताळता येणारं एकही दुकान नव्हतं. केंद्रातल्या एका मुलीने तिला जमिनीवर उशीवर बसवून चार तास वेण्या घालून दिल्या. मी शेजारी बसून गृहपाठ करत होते. एक टोकदार शेपटीचा कंगवा, एक तेलाची बाटली आणि चार तास गप्पा. कुणाची आजी कुठल्या राज्यातून शिकागोला आली, कुणाला आपलं मूळ गाव आफ्रिकेत कुठे होतं हेच कधी कळणार नाही. माझ्या मैत्रिणीला आपल्या सात पिढ्यांची नावं येतात. त्या रात्री ती मला म्हणाली, त्यांच्याकडून काय हिरावलंय ते मला आज कळलं. ‘ब्लॅक’ या एका शब्दात किती वेगळी माणसं आहेत आणि ती एकमेकांना कुठे भेटतात, हे मी तिथे पाहिलं.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. आपल्या मुलांच्या अपार्टमेंटमध्ये मी ‘कल्लू’ हा शब्द इतक्या वेळा ऐकलाय की मी आता तिथे जात नाही. बोलणाऱ्यांना वाटतं समोरच्याला मराठी-हिंदी कळत नाही. मला कळतं. माझ्या रूममेटलाही आता कळतो, कारण तिने एकदा मला अर्थ विचारला आणि मी खोटं बोलू शकले नाही. दादा, ताई, जे कुणी नव्या मुलांना जेवायला बोलावता, त्यांना हे आधी सांगा.

---

वॉबॅशकाठ

रेवती, तुझं मराठी छान आहे, आणि जे लिहिलंस त्याबद्दल तुझे हात हातात घ्यावेसे वाटले. हा शब्द मीही ऐकलाय आणि एकदा दोनदा विषय बदलून गप्प बसले आहे. यापुढे गप्प बसणार नाही.

---

मीठसरोवर

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. इथली बातमी थोडी वेगळी आहे. युटा विद्यापीठात ब्लॅक कल्चरल सेंटर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बंद झालं. राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी एक कायदा केला, १ जुलैपासून लागू. विशिष्ट वंशाच्या किंवा ओळखीच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून विद्यापीठाने वेगळी मदतकेंद्रं चालवू नयेत, सेवा सगळ्यांना एकसारखी द्यावी, असा त्याचा रोख. महिलांचं केंद्रही त्याच वेळी गेलं. अलाबामातही तसाच कायदा त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आला आणि तिथल्या विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची कॅम्पसवरची खोली गेली.

कायद्याच्या बाजूचे लोक जे बोलतात ते कोकणकडांनी पहिल्या प्रतिसादात लिहिलं तेच, मनापासून बोलतात, त्यांना मी खलनायक म्हणणार नाही. पण हे शहर बघा. इथे कृष्णवर्णीय माणसं फारच थोडी. पर्ड्यूत वर्गात एकटा असलेला मुलगा इथे अख्ख्या मजल्यावर एकटा असतो. पाच वर्षांत एका जागेला सवयी लागतात. कुणाला कुठल्या दुकानात काम मिळेल, कुठला प्राध्यापक समजून घेतो, घरमालकाने त्रास दिला तर कुणाशी बोलायचं, हे सगळं एका खोलीत, एका टेबलाभोवती साठत जातं. कर्मचारी दुसऱ्या विभागात गेले, कार्यक्रम सगळ्यांसाठीच्या केंद्राकडे गेले. ती साठवण मात्र कुठल्याच विभागाच्या यादीत नव्हती, त्यामुळे ती कुणाकडेच सोपवली गेली नाही.

---

कोकणकडा

मीठसरोवर, हे वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या पहिल्या प्रतिसादातल्या त्या मेसच्या टेबलाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या दोन वर्षांत मी एकदाही उठून त्या टेबलापाशी गेलो नव्हतो. आमच्याही विद्यापीठात केंद्र होतं, त्यांच्या कार्यक्रमांचे कागद सूचना-फलकावर लागायचे, ‘सर्वांचे स्वागत’ असं त्यावर लिहिलेलं असायचं. ते माझ्यासाठी लिहिलंय असं मला कधी वाटलंच नाही.

---

वॉबॅशकाठ

कोकणकडा, पर्ड्यूत आज आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांसाठीही केंद्र आहे, लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी आहे, मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली मुलं तिथे चहा प्यायला बसतात. पण या सगळ्यांत पहिलं १९६९ चं. त्या कागदी पिशव्या आल्या नसत्या तर पुढची दारं कुणी उघडली असती, मला माहीत नाही. त्या अर्थाने आपण त्यांचं देणं लागतो.

---

नवीन_पाखरू

ताई, गणपतीच्या जेवणाला प्रश्न विचारणारा मीच. धागा सगळा वाचला, दोनदा वाचला.

काल लॅब सुटल्यावर गेलो होतो. दारापर्यंत जाऊन एकदा परत फिरलो, मग गेलो. ग्रंथालयातल्या बाईंना म्हटलं, १९६८ च्या विटांबद्दल काही आहे का. त्यांनी आधी विचारलं, कुठून आलास. सांगलीहून म्हटल्यावर नकाशावर दाखव म्हणाल्या. मग दोन पुस्तकं आणि एक फोटोंची फाइल काढून टेबलावर ठेवली आणि त्यांच्या कामाला निघून गेल्या. मी दीड तास बसलो. बाजूच्या खोलीत कुणीतरी पेटीसारखं काहीतरी वाजवत एकच जागा परत परत घोकत होतं.

तालमीला बाहेरच्यांना बसू देतात का, तेही विचारलं. गुरुवारी या म्हणाल्या. ताई, तुम्ही याल का? पहिल्यांदा एकट्याने जायला जरा संकोच वाटतो.

---

वॉबॅशकाठ

येते रे. गुरुवारी पावणेसहाला हॉव्डे हॉलच्या पायऱ्यांपाशी थांब, तिथून चालत जाऊ. आणि तुझ्या खोलीतल्या बाकीच्या तिघांनाही विचार.